कार्डाच्या कडेची ओळ

वेळ वाचवण्यात माझा हात धरील असा माणूस त्या काळी रत्नागिरीपासून संगमेश्वरापर्यंत नव्हता. संगमेश्वराच्या पुढे मी चौकशी केली नाही, कारण तेवढा वेळ नव्हता. बंदरावर आगबोटीच्या तिकिटांच्या कचेरीत मी कारकून होतो. बोट कधी दोन तास आधी दिसे, कधी चार तास उशिरा, त्यामुळे माझा सगळा दिवस त्या धुराच्या शेपटीला बांधलेला. मोकळा वेळ काढायचा तर तो घरातूनच काढायला हवा, असं मी ठरवलं आणि कामाला लागलो.

आंघोळ मी दोन तांब्यांवर आणली. सदऱ्याची बटणं काढणं सोडूनच दिलं. लावलेलाच सदरा डोक्यातून काढायचा आणि सकाळी डोक्यातूनच घालायचा. दाढी एक दिवस उजव्या गालाची, दुसऱ्या दिवशी डाव्या. पेज उभ्यानेच घ्यायची, तीही अशी की आपण भरलो होतो हे वाडग्याला कळायच्या आत ते रिकामं. वहाणा काढतानाच रस्त्याकडे तोंड करून ठेवायच्या, म्हणजे निघताना वळायचे कष्ट नकोत.

अशा काटकसरीने रोज दीड तास शिल्लक पडू लागला. तो मी कुठे नेला म्हणाल, तर बंदरावरच्या चहाच्या दुकानापुढच्या बाकड्यावर. मुशी जातीच्या एका दांडग्या मासळीने आमच्या पडावाचा नांगर गिळला आणि ती पडावासकट आम्हाला ओढत जयगडापर्यंत घेऊन गेली, ही हकिगत मी तिथे किमान दोनशे वेळा सांगितली. पहिल्या वेळी मुशी पुरुषभर लांब होती. शेवटी शेवटी तिचं तोंड जयगडला पोचलं तरी शेपूट रत्नागिरीतच असे. खलाशी कप हातात धरून ऐकत बसायचे. मला तिथे कसलीही घाई नसे. नुसत्या शेपटीला मी पाऊण तास घेई.

बायकोचं माहेर वेळणेश्वरचं. तिची आई तिथे एकटी, भाऊ मुंबईला गिरणीत. म्हातारीला लिहिता येत नव्हतं, ती देवळाच्या गुरवाकडून कार्ड लिहवून घेई. बायकोला वाचता येत नव्हतं, ती माझ्याकडून वाचवून घेई. लग्न झाल्यापासून ती म्हणत होती, मला अक्षरं शिकवा. मी म्हणायचो, बोटी बंद होऊ देत, पावसाळ्यात वेळच वेळ. बोटी दर वर्षी बंद होत. बाकडं तेवढं पागोळ्यांतून दुकानाच्या आत सरके, आणि त्याच्या मागोमाग मी.

पत्र वाचण्यातही मी काटकसर आणली होती. आशीर्वाद गाळायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे नमस्कार गाळायचे, गाय व्यायली, फणस धरले, तेही गाळायचं. "आई खुशाल, सगळे खुशाल, तुझी आठवण काढतात," एवढं सांगून कार्ड तिच्या हातात द्यायचं आणि वहाणांत पाय घालायचे.

त्या वर्षी वैशाख सरता सरता एक कार्ड आलं. मी वहाणा घालता घालताच वाचलं. "आई खुशाल."

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं आणि निघालो.

तो आठवडा आमच्या कचेरीत तोबा गर्दीचा. शेवटची बोट कोणत्या दिवशी, हे मी धक्क्यावर उभं राहून इतक्या मोठ्याने ओरडत होतो की समोरच्या डोंगरावरची गुरं दचकून पांगत. हिच्यानंतर थेट नारळी पौर्णिमेनंतर, जायचं असेल त्याने आत्ताच जावं, असं परक्या माणसांना घसा फुटेस्तो सांगितलं. बोटीकडे उतारू नेणारा शेवटचा पडाव भरून मीच लोटला. बोट उत्तरेला जयगडच्या बाजूने दिसेनाशी झाली. मी बाकड्यावर जाऊन बसलो.

आषाढात एक माणूस चिखलाने कमरेपर्यंत माखलेला दारात आला. तो म्हातारीचा पुतण्या. पावसात जयगडची खाडी उतरता येत नव्हती म्हणून संगमेश्वराचा वळसा घालून आला होता. म्हातारी गेली होती, तिचा बारावाही होऊन गेला होता.

बायको रडली ती पुतण्या गेल्यावर. मग दोन दिवसांनी तिने कुंकवाच्या पेटीतून ते कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, पुन्हा वाचा. मी आईचा आशीर्वाद वाचला, गाय वाचली, फणस वाचले. या खेपेला काही गाळलं नाही. ती बोटाने माझ्यामागून ओळी मोजत होती, भाताच्या रोपांच्या मोजाव्यात तशा.

"अकरा झाल्या," ती म्हणाली. "ही कडेची राहिली."

कार्डात जागा संपली म्हणून गुरवाने कडेला एक ओळ उभी लिहिली होती. ती वाचायला कार्ड फिरवावं लागत होतं. ते मी वैशाखात फिरवलं नव्हतं. आता फिरवलं, वाचलं, आणि माझी जीभ, जिने मुशीला जयगडपर्यंत लांबवलं होतं, तिला एवढंच सुचलं: "तारीख आहे."

"एवढी लांब तारीख?"

मी कार्ड पालथं घातलं.

"वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. "शेवटची बोट लागण्याआधी एकदा येऊन जा. पावसापलीकडे मी असेन असं वाटत नाही."

तिने कार्ड घेतलं, पदराने पुसलं आणि पेटीत ठेवलं. मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर मी काहीतरी रचून सांगितलं असतं, हे तिला ठाऊक असावं.

चार-आठ दिवसांनी मी बाजारातून पाटी नि पेन्सिल आणली. म्हटलं, बस, आजपासून शिकवतो, सगळा पावसाळा आहे. ती तांदूळ निवडत होती. "तुमच्याकडे आता वेळ आहे होय," एवढंच म्हणाली आणि सुपात पाखडायला लागली. पाटी भिंतीला टेकून राहिली. पुढे तिच्यावर पापड वाळत घातलेले मी पाहिले.

त्यानंतर मुंबईहून तिच्या भावाची पत्रं येत, ती घेऊन ती कुंपणापलीकडच्या पेन्शनर मास्तरांकडे जाई. मास्तर चष्मा शोधायलाच जेवढा वेळ घेत, तेवढ्यात मी चार पत्रं उरकली असती. मग ते पत्ता वाचत, वरचा शिक्का वाचत, आशीर्वाद वाचत, कार्ड उलटसुलट करून कडा बघत. ती मध्येच म्हणे, मास्तर, ते पुन्हा एकदा. ते पुन्हा एकदा वाचत.

मी ओटीवर बसून ऐकत असे. बाकड्यावर जाणं हळूहळू सुटलंच होतं. दोन्ही गालांची दाढी झालेली असे, आंघोळ भरपूर पाण्याने, आणि वहाणा घराकडे तोंड करून.