एरंड की भोपळा

बाबांनी सख्ख्या भावाचा दात पाडला तो एका शब्दावरून, आणि तो शब्द माझा होता.

हिब्रू बायबल लॅटिनमध्ये कसं आलं, हे मी कॅनडात हॅमिल्टनच्या विद्यापीठात शिकवते. त्यात माझी एक हुकमी गोष्ट आहे. रुसून उन्हात बसलेल्या संदेष्ट्याच्या डोक्यावर सावलीसाठी देव एक झाड उगवतो. जुन्या लॅटिनमध्ये तो होता भोपळा. सोळाशे वर्षांपूर्वी एका संताने मूळ हिब्रू बघून नवं भाषांतर केलं आणि तिथे आयव्हीचा वेल घातला. आफ्रिकेतल्या एका गावात ते वाचलं गेलं आणि भर चर्चमध्ये लोक खवळले. खरं झाड त्या संतालाही ठाऊक होतं, पण लॅटिनमध्ये त्याला नाव नाही, असं त्याचं म्हणणं. मराठीत आहे, एरंड. वर्गात सगळे हसतात, मीही हसायचे.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. इथे जवळच मिसिसागाच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा मराठी मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, होते. आईला जाऊन वर्ष झालं, त्या मिस्सेला तिचंच आवडतं वाचन ठेवलं होतं, हेच, भोपळ्याचं. एरवी ते तीच वाचायची, या वेळी वाचणार होते बाबा. "तू भाषांतर नवीन करून दे," ते म्हणाले. मला आनंदच झाला, मी भोपळ्याच्या जागी एरंड घातला. धास्ती एवढीच होती, की ते मध्येच कोसळतील.

"एरंड" म्हटल्यावर मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. एरंडेल आठवलं असणार. बाबा वाचत राहिले. तेवढ्यात पहिल्या बाकावरून काका ओरडला, "भोपळा! दादा, भोपळा!"

"एरंड," बाबा म्हणाले.

"वहिनी भोपळाच म्हणायची! हिचं ट्रान्सलेशन हिच्या क्लासमध्ये ठेव!" काका तरातरा माइकशी गेला आणि थेट आईसारखं लांबवून म्हणाला, "भोऽपळा."

बाबांचा गुद्दा बसला. काकाच्या ओठातून रक्ताची धार लागली. त्यानेही बाबांची मान धरून त्यांचं नाक स्टँडवर आपटलं. फुलदाणी फुटली. चुलतभाऊ मध्ये पडला, त्याच्या कानशिलात बसली. "प्लीज, प्लीज" म्हणणाऱ्या फादरना कोपर लागलं. मी गीतांचं जाडजूड पुस्तक काकाच्या पाठीत हाणलं, चांगलं जोरात. त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

मग बाबा, काका आणि मी, तिघेही हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, एकाच रांगेत. माझा राग उतरला नव्हता. "बाबा, एरंडच बरोबर आहे," मी म्हटलं.

"बरोबर-चूक मला काय कळतंय?" नाकावरचा बोळा धरून ते म्हणाले. "भोपळा म्हटलं की मला तुझ्या आईचा आवाज ऐकू येतो. वाचताच आलं नसतं. म्हणून तर तुला नवीन करायला सांगितलं."

पलीकडे काका जबड्यावर बर्फ धरून बसला होता. पडलेल्या दाताच्या फटीतून त्याचे शब्द नीट फुटत नव्हते.

"मला तोच ऐकायचा होता, दादा."