वीज गेली की वंदनाताई येते

वंदनाताईच्या नवऱ्याचा, इंद्रजीतचा, रक्तदाब जन्मात कुणी मोजला नव्हता. भातसानगरला धरणावर नोकरी, धडधाकट माणूस, एक्केचाळिसाव्या वर्षी जेवता जेवता कलंडला तो उठलाच नाही. पुढे दोन हजार पाच साली एका संस्थेनं शहापूरला बायकांना बीपी मोजायला शिकवायचं काढलं, तेव्हा आठवी शिकलेली वंदनाताई सगळ्यात पुढच्या रांगेत जाऊन बसली.

शिकून आपल्या गावी शेणव्याला परतली, तर दंड पुढे करायला कुणी तयार नाही. राबणाऱ्याला बीपी होत नाय, तो मुंबईवाल्यांचा रोग, असं म्हणून लोकांनी तिला वाटेला लावलं. पण बाई हटणारी नव्हती. तिनं धाकलूची भातगिरणी हेरली. दिवाळीनंतर भात भरडायला सगळा गाव तिथे नंबर लावून बसायचा. अडचण एकच होती. गिरणीच्या धडधडीत कानातल्या नळीतून काही म्हणजे काही ऐकू येईना.

मग तिनं भारनियमनाचं वेळापत्रकच पाठ केलं. वीज गेली, गिरणी थांबली, की ही पिशवी घेऊन हजर. अर्धं भरडलेलं भात टाकून कोण घरी जाणार? बसल्या बसल्या लोक मुकाट दंड पुढे करू लागले. जेवताना वरून मीठ घेऊ नका, खारी सुकट कमी करा, मिसरी सोडा, हेही ऐकून घेऊ लागले. तिथेच बसलेल्या रखमीचा बीपी एवढा निघाला, की दुसऱ्या दिवशी वंदनाताईच तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली.

एक धाकलू तेवढा हाती लागेना. डोळे लाल, दुपार झाली की डोक्याला फडकं गच्च आवळून बसायचा. इंद्रजीतही अस्साच बसायचा. तीन महिने ती विचारत राहिली आणि तो हसण्यावारी नेत राहिला.

शेवटी ती चिडलीच. त्या दिवशी वीज होती, गिरणी चालू होती, तरी ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि त्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "माझा माणूस गेला तवा मला कायच ठावं नव्हतं, धाकलूभाऊ. उद्या तुमच्या बायकोला मी काय सांगू? ठावं होतं, पण गप बसले?"

धाकलूनं खटका ओढला. चालू गिरणी थांबली, तशी नंबर लावून बसलेली माणसं कुरकुरली. तिकडे लक्ष न देता तो पोत्यावर टेकला आणि त्यानं बाही वर सारली.

"भ्या वाटतं गो," तो हळूच म्हणाला. "मोज."