क्रेनला बोंबलांचा हार

घिवलीच्या मच्छीमाराच्या घरात जन्मूनही मला होडी लागते. किनाऱ्यावर उभं राहून लाट पाहिली तरी पोटात ढवळतं! त्यामुळे तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. जमिनीवरची नोकरी! बोईसरच्या मैदानात बांधकामाच्या नव्या यंत्रांचं प्रदर्शन भरलं आणि मी तिथे रोजंदारीवर पहारेकरी लागलो. मॅनेजर म्हणाले, "एकही तक्रार आली नाही, तर तुला कायम करू. तक्रार आली, तर जा परत होडीवर."

पहिल्याच सकाळी माझी बायको काशी डोक्यावर टोपली घेऊन हजर! बाजारात ओले बोंबील खपले नव्हते आणि उन्हं चढली होती.

"अवो, ही आडवी शिडी कोनाची?"

"शिडी नाय गो, क्रेनचा हात हाय तो!"

तो लांबलचक जाळीदार हात जमिनीलगत आडवा ठेवलेला होता. आमच्याकडे बोंबील वाळत घालायला बांबूंची वलांडी बांधतात, थेट तशीच ठेवण. काशीचे डोळे लकाकले.

"सुरू कंदी होनार?"

"सांजच्याला. आन् मी सांगल्याबिगर त्याला कोन हलवतोय!" (मला तिथे चहावालासुद्धा विचारत नव्हता.)

झालं! बोंबलाच्या तोंडात बोंबलाचं तोंड अडकवत काशीने जोड्या टांगायला सुरुवात केली. वरच्या दांड्यांना तिचा हात पुरेना, म्हणून त्या मी टांगल्या. (पहारा देत देत!)

आणि भर दुपारी मुंबईचे बडे साहेब येऊन ठेपले. मॅनेजर धावत सुटले, "क्रेन चालू करा! लवकर!" चालक टुणकन वर चढला.

"थांबा! थांबा!" मी ओरडलो, पण इंजिनापुढे माझं कोण ऐकतो? क्रेनचा हात डौलात वर गेला आणि त्याबरोबर टोपलीभर बोंबील झुलत आभाळात! पाणी टपटपलं ते साहेबांच्या पांढऱ्या कोटावर. मागोमाग एक जोडी सटकली आणि त्यांच्या खांद्यावर विसावली. वाणगावपर्यंतचे कावळे निमंत्रण असल्यासारखे जमले.

"हे काय आहे?" साहेब गरजले.

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. मला डोळ्यांपुढे होडी दिसली आणि उभ्या उभ्या मळमळायला लागलं.

"हार हाय, साहेब! नव्या यंत्राला बोंबलांचा हार घालायची आमची रीत हाय. नजर लागत नाय!"

अशी रीत घिवलीत काय, जगात कुठे नव्हती. साहेबांनी खांद्यावरची जोडी चिमटीत धरली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "मग त्या रोडरोलरला का नाही घातला?"

मी काशीकडे पाहिलं. ती पदर खोचून पुढे झाली. "टोपली संपली, साहेब. उद्या आनते. पन हार इकत घ्यावा लागतो. फुकटचा लागू पडत नाय!"

साहेब पोट धरून हसले. ते हसले म्हणून मॅनेजर हसले. दुसऱ्या दिवशी रोलर, मिक्सर, बुलडोझर सगळे बोंबील लेवून उभे! काशीची टोपली रोज जागच्या जागी खपू लागली.

आणि मलाही कायम केलं. हुद्दा यंत्ररक्षक, हातात लांब काठी आणि काम कावळे हाकायचं. कावळे नीट हाकतो की नाही हे बघायला साहेबांनी माझ्यावर एक मुकादम नेमला. काशी!