तुतारी कोणत्या हातात?

रोममधल्या एका लहानशा चर्चच्या छतावर रंगवलेल्या देवदूताने तुतारी डाव्या हातात धरली आहे की उजव्या, हा या लेखाचा प्रश्न. डावा म्हणजे देवदूताचा डावा, पाहणाऱ्याचा नव्हे. प्रश्न माझा नाही. तो माझी मैत्रीण इंदुमती आणि तिचे यजमान बापूराव यांचा आहे. गेल्या महिन्यात मिरजेच्या रुग्णालयातून तिच्या सुनेचा फोन आला, “बाई, आई गेल्या...” आणि मोबाईल खाली ठेवताना वाटले, आता या वादात एकच बाजू उरली.

विश्रामबागच्या शाळेत मी इतिहास शिकवत असे, इंदुमती शिवणकाम. रोमचा नकाशा मी फळ्यावर इतक्या वेळा काढला की डोळे मिटूनही काढता येईल. रोम पाहून मात्र आली ती आधी. बापूराव कडेगावचे, फौजेतून निवृत्त होऊन ऊस पाहणारे. गावात ते पुढे आणि ती चार पावले मागे, अशी त्यांची चाल. मुलाने दोघांची तिकिटे काढून दिली. काय आधी पाहावे, काय नंतर, हे मी तिला क्रमवार समजावले होते. त्यातले निम्मेही त्यांनी पाहिले नाही, कारण प्रत्येक चर्चला त्यांना दुप्पट वेळ लागला.

“देवाच्या दारात चपला घालून कसं जायचं?” परत आल्यावर इंदुमती म्हणाली. “म्हणून यांना पायरीवर राखणीला बसवलं. मी बघून आले, मग हे गेले.”

“अगं, तिथे चपला कोण नेतंय?”

“बाई, गावच्या जत्रंत बी असंच म्हनलो हुतो,” बापूराव म्हणाले. “नवा जोड गेला.”

म्हणजे एकाही चर्चमध्ये ती दोघे एकत्र शिरली नाहीत. ती बाहेर येऊन पायरीवर बसे आणि आत काय आहे ते त्यांना सविस्तर सांगे. मग ते आत जाऊन ताडून पाहत. देवदूताचा घोळ झाला तो असा.

“डाव्या हातात हाय,” इंदुमती म्हणे.

“उजव्या. बिगुल कसा धरत्यात ते मला शिकवू नगंस.”

“आवं, तो देवाघरचा हाय, तुमच्या पलटणीतला न्हवं!”

आत फोटोला मनाई होती. मुलगा मोबाईलवर शोधू लागला तेव्हा इंदुमतीने त्याला थांबवले. पुन्हा जायचे आणि या वेळी दोघांनी मिळून आत शिरायचे, असे ठरले होते. तोवर त्यांच्या ओसरीवरचा एकही चहा या भांडणावाचून झाला नाही. मी बशीत चहा ओतत ऐकत असे, आणि मला हेवा वाटे. आधी समजत होते की तो रोमचा आहे.

मग आम्हीही गेलो, मी आणि माझे यजमान. क्रमवार सगळे पाहिले. त्या चर्चमध्येही पायांत बूट ठेवून, खांद्याला खांदा लावून उभे राहिलो आणि दोघांनी एकाच वेळी वर पाहिले. बाहेर आल्यावर एकमेकांना सांगण्यासारखे काहीच नव्हते. दोघांनीही पाहिलेलेच होते. तेव्हा कळले, हेवा शहराचा नव्हता. तो अजून गेलेला नाही, ती गेल्यावरही नाही.

परवा भेटायला गेले. दाराशी इंदुमतीच्या चपला होत्या, बोटे बाहेरच्या बाजूला, निघायच्या बेतात असल्यासारख्या. बापूराव शेजारच्या पायरीवर बसले होते.

“बाई, तुमी आत जाऊन आलायसा. खरं सांगा, कुठला हात?”

मी खूप आठवून पाहिले. देवदूत आठवला, तुतारी आठवली... हात आठवेना. तसे सांगितले.

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “डावाच म्हना. पर तिच्या तोंडून ऐकल्याबिगर पटत न्हाई बगा.” आणि एका चपलेवरची धूळ त्यांनी हाताने पुसली.

घरी येऊन मी आमच्या यजमानांना विचारले. “मी कुठे नीट पाहिलं? तू पाहत होतीस ना,” ते म्हणाले.

तेव्हा वाचकांना विनंती. हे चर्च नदीपलीकडच्या जुन्या वस्तीत, एका उतरत्या गल्लीच्या टोकाशी आहे. दाराला तीन पायऱ्या आहेत. रोमला गेलात तर कृपया स्वतः पाहून खात्री करावी. जोडीने गेलात तर एकाने बाहेर थांबावे.