गोटीरामच्या हातावरची पट्टी

आमच्या कॉलेजच्या शवविच्छेदन हॉलमध्ये सहादूमामांनी एकतीस वर्षं काढली. हुद्दा शिपायाचा, पण हॉल चालायचा तो त्यांच्या शब्दावर. मी तिथली कंत्राटी शिक्षिका. माझ्यासारख्या किती आल्या आणि गेल्या, ते त्यांनाच ठाऊक. टेबलावरच्या देहाला ते कधी बॉडी म्हणाले नाहीत, पाहुणा म्हणायचे. पाहुणा आला की आधी चेहऱ्यावर कापड, आणि अंगावर कुठे नाव गोंदलेलं असेल तर त्यावर पांढरी कापडी पट्टी. पट्टी ओली झाली की बदलायची. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे मला तो म्हातारपणाचा चाळा वाटायचा.

मामा नामपूरकडचे. त्यांचा लहानपणापासूनचा सोबती गोटीराम तिथल्या कांदा मार्केटात मापारी होता. मामांच्या सांगण्यावरून त्याने देहदानाचा फॉर्म भरला. त्याची बायको नवसाबाई घाबरली, तेव्हा मामांनी तिला शब्द दिला की तिथे यांना कुणी ओळखणार नाही, मी आहे ना. पुढे गोटीराम वारला आणि आमच्या तीन नंबरच्या टेबलावर आला. मामांनी त्याच्या पायाशी झेंडूची चार फुलं ठेवली, मनगटाच्या वर पट्टी बांधली. ही सगळी हकिकत त्यांनी मला चहा पिताना सांगितली होती. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयही मला नाही.

आता माझ्या शहाणपणाकडे येते. पहिल्या वर्षाची निम्मी मुलं मराठी शाळांतून आलेली. स्नायूंची ती लांबलचक नावं ऐकून हॉलमध्ये त्यांची दातखीळ बसायची. मी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. रोज सकाळी आठला एक चित्र, एक प्रश्न. वर्गात तोंड न उघडणारी मुलं तिथे धडाधड उत्तरं टाकू लागली, चुकली तरी हसायला कुणी समोर नव्हतं. चाचणीत मार्क वाढले. विभागप्रमुख बाईंनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले. पुस्तकातली चित्रं पुरेनाशी झाली तेव्हा ठरवलं की आता खरे फोटो टाकायचे. हॉलच्या दारावर मोबाईल बंदची पाटी होती, पण ती मुलांसाठी, असं मी स्वतःला सांगितलं.

तीन नंबरच्या मनगटाचं विच्छेदन फार सुरेख झालं होतं. फक्त पट्टी मध्ये येत होती. मी ती सोडायला लागले तेव्हा मामा म्हणाले, "मॅडम, पट्टी ऱ्हाऊ द्या."

"चेहरा कुठे दिसतोय, मामा?" मी हसून म्हटलं. ते बादली उचलून बाहेर गेले. मी फोटो काढला आणि पट्टी तशीच बाजूला टाकून वर्गावर गेले. दुपारी पाहिलं तर ती परत बांधलेली होती.

फोटोत कातडीवर निळा मारुती होता आणि त्याखाली अक्षरं, गोटीराम पुंजा. माझं लक्ष शिरांवर होतं. सकाळी आठला प्रश्न गेला. मनगटावरची ही शीर ओळखा. एका मुलीने कौतुकाने तो स्टेटसला ठेवला. ती सटाण्याकडची, नामपूरच्या शेजारची. दुपारपर्यंत फोटो नामपूरच्या ग्रुपवर फिरत होता.

तिसऱ्या दिवशी गोटीरामचा मुलगा ललित आईला घेऊन आला. तो आरडाओरडा करेल म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. त्याने फक्त मोबाईल बाईंच्या टेबलावर ठेवला. नवसाबाईंनी त्या काचेवर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "हाऊ हात त्यास्ना शे." हा हात त्यांचा आहे, एवढंच. मग त्या मामांकडे बघत राहिल्या.

बाईंनी विचारलं, मामा नाव नेहमी झाकतात, मग पट्टी कशी काय नव्हती? मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "माझ्याकडून सुटली. पट्टीचं काम माझं." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फोटो मी काढला होता हे त्यांना माहीत होतं. पट्टी मी सोडली, हे फक्त आम्हा दोघांना. माझं कंत्राट मार्चमध्ये संपणार होतं. मी खाली मान घालून बसले. मला फोटोबद्दल तोंडी समज मिळाली, मामांना देहाची ओळख उघडी पडली म्हणून लेखी मेमो. निवृत्तीला दोन महिने राहिलेल्या माणसाला.

ते दोन महिने मी त्यांच्या वाटेला गेले नाही. स्वतःची लाज वाटते तेव्हा माणूस समोरच्यावरच चिडतो, तशी मी त्यांच्यावर चिडून होते. मागितलं होतं का मी?

शाल-नारळ झाल्यावर त्यांनी मला हॉलमध्ये बोलावलं आणि पट्ट्यांचा डबा माझ्या हातात दिला. मग बाही वर केली. तसाच निळा मारुती, खाली सहादू.

"गोट्यानं अन् म्या एकाच जत्रेत गोंदलं. माझाबी फॉर्म भरलेला हाय, मॅडम. मी आलो की पट्टी तुम्ही बांधा. अन् तेव्हा सुटली, तर अंगावर घ्यायला मी नसणार."

ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं.

मी आधी बाईंकडे गेले, मग ललितला फोन लावला. पट्टी मी सोडली, मामा नको म्हणत होते, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला सांगून काय? मामा गावात आले तरी आमच्या दारावरून मान खाली घालून जातात. आईसमोर सांगा."

रविवारी मी मामांना घेऊन नामपूरला ललितच्या घरी गेले. यायला तयार नव्हते, फार विनवावं लागलं. ओट्यावर मी सगळं सांगितलं, गावातली चार माणसं ऐकत होती. नवसाबाईंनी माझं पुरतं ऐकून घेतलं. विचारलं एकच, त्या दिवशी पट्टी परत कोणी बांधली? मी म्हटलं, मामांनी.

त्या आत गेल्या. बाहेर एकच खुर्ची आणली आणि मामांच्या पुढ्यात ठेवली. मी उभीच राहिले.