नावाआधीचा श्वास

“श्वास कुठं?”

नवं गाणं घेऊन कुणीही दारात आलं की काकांचा पहिला प्रश्न हाच. विषय काय, चाल कसली, कुठल्या कार्यक्रमात गाणार, हे सगळं नंतर. उजव्या हाताचं बोट वर करून ते डोळे मिटून बसायचे आणि आपण म्हणायला सुरुवात करायची. ओळीत जिथं श्वास हवा तिथं बोट खाली यायचं. आपण तिथं श्वास घेतला नाही, तर डोळे उघडायचे. मग ओळखायचं की गाणं नापास.

माझं पहिलं गाणं दुसऱ्याच ओळीला नापास झालं. चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडता जोडता मी ते जुळवलं होतं आणि स्वतःवर भलतीच खूश होते. मी फणकाऱ्यानं म्हटलं, “काका, शब्द तरी ऐका की.”

“शब्द ब्येस हायती. पर म्हननार कोन? तुला नाक हाय का न्हाई?”

आतून काकींचं हसू ऐकू आलं. मी रागावून काही दिवस त्या गल्लीतून गेले नाही. मग गेले, कारण ते म्हणाले ते खरं होतं आणि मला खरं सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

ते चिखलीच्या जुन्या गावातले. आजूबाजूच्या शेतांत पत्र्याची शेडं उभी राहिली, शेडांत प्रेस आणि लेथ आले, मागोमाग इमारती आल्या. हे मात्र आमच्या बुद्धविहारामागच्या त्याच दोन खोल्यांत राहिले. नोकरी फाउंड्रीत. साच्यातून निघालेलं ओतीव लोखंड ग्राइंडरवर घासायचं, वाळू आणि कीस अंगावर घेत. तोंडाला रुमाल, एवढाच बंदोबस्त. गाणी सुचायची तीही तिथंच. एवढ्या आवाजात कसं काय सुचतं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. “तितं मधी बोलाय कुनी येत न्हाई,” ते म्हणाले.

त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. त्यात गूढ काही नाही, त्यांचंच म्हणणं होतं ते. “नाव कागदावर लिवलं की मानूस वाचतो आन् इसरतो. गळ्यातनं गेलं तर ऱ्हातं.” आमच्या गाण्यांची रीतही तशीच आहे. शेवटच्या अंतऱ्यात कवीचं नाव येतं. जयंतीला गायन पार्ट्या रात्ररात्र गायच्या त्या काळात समोर बसलेली माणसं त्या नावाची वाट बघायची, आणि नाव आलं की “वाह!” म्हणून मान हलवायची. कवीला हार नाही, तुरा नाही. मिळायचं ते एवढंच, पण ते पुरायचं.

गुरुवारी इथल्या कारखान्यांना सुट्टी. त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर शाळाच भरायची. गायन पार्टीतले पोक्त बुवा, हळदीची गाणी काढणारा एखादा हौशी, आकुर्डीच्या कॉलेजातली रॅप करणारी मुलं. बुवा त्या मुलांकडे नाक मुरडून बघायचे. काका म्हणायचे, “हसू नका. त्यांचं समदं श्वासावरच हाय. तुमच्यापरीस जास्त.” त्या मुलांना स्वर्ग दोन बोटं उरायचा.

आज मला कुणी विचारलं की गाणं कसं करायचं आणि ते लोकांपर्यंत कसं न्यायचं, तर मी त्यांचंच सगळं सांगते, आणि खुशाल माझं म्हणून सांगते. मुखडा सुचला की लगेच लिहू नये. कंपनीच्या बसमध्ये मनात म्हणत जावं. “गेटपातुर टिकला तर आपला. गेटवर इसरला तर त्यो आपला नव्हताच.” रेकॉर्डिंग गुरुवारीच ठेवावं, कारण चिखलीतला स्टुडिओ म्हणजे एका शेडच्या माडीवरची खोली, आणि खालच्या प्रेसचा ठोका भिंतीला कितीही फोम लावला तरी माइकमध्ये येतोच. जाताना बांगड्या काढून ठेवाव्यात. भरल्या पोटी जाऊ नये. पहिला टेक पुसू देऊ नये. “दुसऱ्या टेकला मानूस शाना होतो, आन् शाना मानूस चांगलं गात न्हाई.” कार्यक्रमात पुढाऱ्याच्या भाषणाआधी गाऊन घ्यावं, नंतर ऐकायला खुर्च्याच उरतात. चॅनल स्वतःच्या नावानं काढावं आणि पासवर्ड दिराला देऊ नये. मी दिला होता. असो.

आणि नोकरी सोडू नये. यावर ते अडून बसायचे. एका रॅपवाल्यानं राजीनाम्याचं बोलून दाखवलं तर त्याला ओट्यावरून उठवलं. “गान्याला म्हनलं, मला पोस, की ते खोटं बोलाय लागतं.” मला ते तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं. ज्या नोकरीला धरून राहा म्हणत होते तिनं त्यांचं काय केलं, ते पुढं दिसलं. तेव्हापासून हा एक सल्ला मी कुणाला देत नाही.

काकींचं सांगायला हवं. जुन्या वळणाची बाई. नवऱ्याचं नाव तोंडातून जायचं नाही म्हणजे नाही. त्यांना त्या ‘गानं’ म्हणायच्या. “आमचं गानं आंघुळीला गेलंय, बस.” “गान्यानं आज भाकर खाल्ली न्हाई.” एकदा मी छेडलं, “काकी, एखादा उखाणा तरी घ्या की.”

“लग्नात घेतला न्हाई, आता कशाला घेती? मिठाची गुळनी धरून बसीन, पर नाव न्हाई घेनार.”

काका ओट्यावरून ओरडले, “अगं, माजं नाव आक्का गाव म्हनतंय, तू न्हाई म्हनली तर काय अडलं?” तेव्हा ते खरंही होतं.

त्यांचं एक गाणं तुम्ही नक्की ऐकलं असेल. लेक पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा बांधलेलं. ‘बाप तापतो भट्टीपाशी, लेक गिरवते पाटी गं, त्याच्या घामाचं अक्षर झालं, आलं तिच्या ओठी गं.’ जयंतीच्या मिरवणुकीत वाजतं, शाळांच्या गॅदरिंगला मुली त्यावर नाचतात. आमच्याच भागातल्या एका चॅनलवाल्यानं नव्या गायिकेकडून गाऊन घेतलं आणि ते असं चाललं की विचारू नका. काकांना त्यानं आधी येऊन विचारलं होतं, पायाही पडला होता. काका खुशीत हो म्हणाले. कागद केला नाही. आम्हाला सगळ्यांना ‘आदी कागद लिवून घे’ म्हणून दटावणारा माणूस, स्वतःच्या वेळी मात्र चहा पाजून मोकळा झाला.

गाणं आलं तेव्हा आम्ही माझ्या मोबाइलवर ओट्यावर बसून ऐकलं. मुखडा, पहिला अंतरा, दुसरा अंतरा. मग बासरीचा तुकडा, पुन्हा मुखडा आणि संपलं. काकांचं बोट वरच होतं. “तिसरा?” ते म्हणाले.

तिसरा नव्हता. तिसऱ्यातच नाव होतं. चॅनलवाल्याला फोन लावला तर तो बिचारा अगदी नम्रपणे म्हणाला, “काका, मोबाइलवर माणूस तीन मिनिटांच्या पुढं थांबत नाही. शेवटचा कापायला लागतो.” गाण्याखाली गीतकार म्हणून काय लिहिलंय ते मी पाहिलं. लिहिलं होतं, पारंपरिक.

मला संताप आला. काका मात्र हसले. “आयला, मी पारंपारिक झालो गं. अजून मेलो बी न्हाई तर.” चॅनलवाल्यानं ते काढून काकांचं नाव घालतो म्हणून शब्द दिला, अजून देतोच आहे.

त्याच सुमारास खोकला वाढला. आधी टीबीच्या गोळ्या झाल्या. मग दम्याचा पंप झाला. शेवटी एका डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं की फुप्फुसात वाळूची धूळ बसली आहे, ती निघत नाही. फाउंड्रीतले साहेब म्हणाले, बिड्या ओढत असतील. या माणसानं गळा जपायला उभ्या जन्मात बिडीला हात लावला नव्हता. ओट्यावरची शाळा चालू राहिली, पण आता कुणी लांब ओळ म्हटली की बोट आधीच खाली यायचं, जिथं खरं तर श्वासाची गरज नव्हती तिथंही. आम्ही ते सांगतील तिथं श्वास घ्यायचो.

एका गुरुवारी त्यांनी मला बोलावलं. “तिसरा अंतरा माज्या गळ्यातनं घिऊन ठिवायचा. मंग त्यो कुनी बी कापू दे.”

स्टुडिओचा जिना ते थांबत थांबत चढले. खालची प्रेस बंद होती. रेकॉर्डिंगवाल्यानं खुर्ची दिली, ती त्यांनी नाकारली. बसून गाणं त्यांना पटायचं नाही. “आदी शेवटचा अंतरा घ्या,” ते म्हणाले. “दम उरला तर वरचं घिऊ.”

त्या अंतऱ्याची शेवटची ओळ अशी: ‘भट्टीपुढं उभा राहून, धूर डोळ्यातला पुसून, लेकीसाठी ओळ ही रचून सांगतो,’ आणि मग नाव. एका दमात. ‘सांगतो’ला आवाज चढतो आणि त्या चढावरच नाव येतं, मध्ये थांबलं तर सगळं खाली पडतं. त्यांनी सुरुवात केली. आवाज पातळ झाला होता, पण सूर हलला नव्हता. राहून. पुसून. रचून. सांगतो. आणि तिथं श्वास संपला. नावाच्या जागी नुसती घरघर.

पुन्हा केलं. पुन्हा तिथंच. मला बघवेना. मी म्हटलं, “काका, पुसूनपाशी श्वास घ्या ना. ओळ तोडू.”

त्यांनी बोट वर केलं, डोळे मिटले, मनातल्या मनात ओळ म्हटली. बोट वरच राहिलं. मग ते म्हणाले, “जन्मभर दुसऱ्याच्या ओळीत श्वास शोदला. हितं माज्याच ओळीत जागा ठिवली न्हाई. तवा छाती व्हती गं. वाटलं, कायम ऱ्हाईल.”

रेकॉर्डिंगवाला चांगला माणूस. म्हणाला, “काका, नाव वेगळं घेऊ, मी जोडून देतो. कळणारसुद्धा नाही.”

“नुस्तं नाव? मी काय हजेरी देतोय?”

आम्ही हसलो. तेही हसले, आणि हसता हसता खोकला लागला तो थांबेना. पुढच्या गुरुवारी परत येऊ असं ठरलं. पुढच्या गुरुवारी ते दवाखान्यात होते आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी नव्हते. मी त्यांच्यासाठी रडले ते चाकणच्या बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून, आणि शेजारणीला सांगितलं की डोळ्यात धूळ गेली.

ते गेल्यानंतरचा जलदानाचा कार्यक्रम विहारात झाला. वंदना झाली. एक पुढारी उठले, ‘आपले थोर लोककवी’ म्हणाले आणि नावापाशी अडून शेजारच्याच्या कानाला लागले. शेजारच्यानं सांगितलेलं नाव त्यांनी अर्धंच उच्चारलं. मग स्पीकरवर ते गाणं लावलं, चॅनलवरचंच. सगळ्या बायका सोबत म्हणत होत्या. मुखडा, दोन अंतरे, बासरी, मुखडा. संपलं तशी माणसं पाय मोकळे करायला लागली, मागं जेवणाच्या पत्रावळ्या आल्या.

गाण्यातली ती लेक माझ्याशेजारी बसली होती. रहाटणीला फ्लॅटमध्ये राहते, ऑफिसात चांगल्या जागेवर आहे. मी तिला म्हटलं, “तिसरा अंतरा राहिला.” ती माझ्याकडे बघतच राहिली. “तिसरा होता? मला दोनच आठवतात, ताई. ते यूट्यूबवर आहेत तेवढेच.”

मला कुणाचा राग आला ते सांगता येत नाही. तिचा नव्हता. मी उठले आणि माझा मोबाइल स्पीकरला जोडला. रेकॉर्डिंगवाल्यानं तो टेक मला पाठवला होता, न पुसता, न सजवता. बाजा नाही, ढोलकी नाही, नुसता त्यांचा आवाज. निघालेली माणसं जागच्या जागी थांबली. राहून. पुसून. रचून. सांगतो.

आणि घरघर. मग काहीच नाही.

विहारात सगळ्यांना कळलं होतं की आता काहीतरी यायला हवं, पण काय ते बहुतेकांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात भिंतीशी बसलेल्या काकींनी नाव घेतलं. बोलून नाही, गाऊन. त्याच चढावर, त्याच सुरात. स्वयंपाकघरात चुलीपुढं बसून त्यांनी ते गाणं किती वर्षं ऐकलं होतं, ते माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. नाव पूर्ण घेतलं, वडिलांच्या नावासकट, जसं ओळीत होतं तसं. मग त्यांनी पदर तोंडावर ओढला, जणू भलतंच काही बोलून गेल्या.

मागून कुणीतरी म्हातारा हळूच “वाह” म्हणाला.

मी त्यांच्यापाशी जाऊन बसले. त्यांनी पदराआडूनच माझं मनगट धरलं आणि विचारलं, “श्वास तुटला न्हाई ना गं मधी?”

“नाही काकी,” मी म्हटलं.

तुटला होता. बरोबर नावाच्या मधोमध.