मुनीनं खडक सांगितला

मुनी म्हणजे कोणी साधू नव्हे. बासष्ट वर्षांचा, शेवंडी पकडणारा गडी. पायात रबरी बूट, मिशीला कायम मीठ. "आज कुठं टाकलेस सापळे?" असं कुणी विचारलं की तो हनुवटीनं अख्खा समुद्र दाखवायचा आणि चालू लागायचा. म्हणून मुनी.

तसे धक्क्यावरचे सगळेच तोंडाला कुलूप लावलेले. शेवंड राहते खडकाच्या कपारीत, आणि चांगला खडक ज्याला सापडला तो बायकोलासुद्धा सांगत नाही. मुनीचा खडक बापानं दिलेला. होडीतून बघताना पाण्याची टाकी शाळेच्या छपरामागे लपली आणि दीपगृहाचा पांढरा पट्टा टेकडीच्या खांद्याला टेकला, की बरोबर खाली तो. तिकडे निघताना मुनी आधी उलट्या दिशेला होडी हाकायचा आणि टेकडीआड गेला की वळायचा. चाळीस वर्षं या नाटकापायी किती डिझेल जाळलं, त्याचं त्याला ठाऊक.

तीन वर्षांपूर्वी बंदर कचेरीतल्या मॅडम नकाशा घेऊन आल्या होत्या. समुद्रात पवनचक्क्या येणार आहेत, तुम्ही सापळे कुठं टाकता तेवढं बोट ठेवून दाखवा, म्हणाल्या. सगळ्यांनी दाखवलं. अगदी मन लावून खोटं दाखवलं. मुनीनं बोट ठेवलं ती जागा नुसता चिखल; तिथं कुणाला जन्मात खेकडासुद्धा मिळाला नव्हता.

आणि आता पक्का नकाशा बर्फखान्याच्या भिंतीवर लागला. चिखल सगळा मच्छीमारांना राखीव. खडकांवर मात्र 'वापर नाही' असं लिहून चक्क्यांचे खांब, आणि प्रत्येक खांबाभोवती होडीला बंदी. हरकत असेल तर शुक्रवारच्या आत.

बर्फखाना सांभाळायची मुनीची वहिनी. मच्छीमार सोसायटीची चिटणीसही तीच. तिनं चष्मा पुसून नकाशा वाचला आणि बाकांवर बसलेल्या अकरा जणांकडे वळली.

"घ्या. चिखल मिळालाय सगळ्यांना. लोळा आता."



"हरकत लिहायची तर जागा लिहावी लागेल. खरी. बोला, कोण सांगतंय?"

अकराही जण छताकडे बघत राहिले. शेवटी मुनीचा मेव्हणा म्हणाला, "आधी मोठ्यांनी सांगावं. काय दाजी?"

"एरवी बरे दाजी तुला मोठे वाटत नाहीत," वहिनी म्हणाली.

मुनी उठून नकाशापाशी गेला. बापाच्या खडकावर नऊ नंबरचा खांब होता. त्यानं नऊच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग भिंतीकडे तोंड करूनच त्यानं सांगून टाकलं. टाकी, छप्पर, पांढरा पट्टा, सगळं.

"खरं सांगताय?" मेव्हण्यानं विचारलं.

"खरं."

"आणि आम्ही तिथं आलो तर?"

"तुम्ही आलात तर निम्म्या तरी शेवंडी मला मिळतील. खांब आला तर काय मिळणार?"

मग एकेक जण बोलू लागला, दाढ उपटून घेतल्यासारखा. संध्याकाळपर्यंत चौदा खडक वहीत उतरले.

बंदर कचेरीत मॅडमनी मुनीनं नेलेला कागद वाचला आणि बाजूला ठेवला. "मागच्या वेळच्या नकाशाखाली तुमचीच सही आहे."

"मागच्या वेळी खोटं बोललो."

"मग आता खरं कशावरून?"

"होडीत चला."

त्या आल्या, होडीची कड घट्ट धरून, पण आल्या. मुनीनं सवयीनं होडी उलट्या दिशेला घातली, मग आठवण होऊन गुपचूप सरळ केली. खडकावर तीन सापळे ओढले. पाच शेवंडी निघाल्या. एकीच्या शेपटीखाली अंडी होती. मुनीनं ती दोन्ही हातांनी अलगद पाण्यात सोडली.

"हा कुठला नियम?" मॅडमनी विचारलं.

"नियम तुमचे. हे बापाचं."

त्यांनी खोली मोजली आणि फोटो घेतले.

चार महिन्यांनी पत्र आलं. बारा खडकांवरचे खांब बाहेर सरकवले होते, नऊ नंबरचा धरून. दोन खडक गेले. त्यातला एक मेव्हण्याचा.

पुढच्या सोमवारी मुनी बापाच्या खडकावर पोचला तर चार होड्या आधीच तिथं. मेव्हणा सगळ्यांत पुढं, सापळा होडीच्या काठावर टेकवून उभा.

"रागावलात, दाजी?"

"नाही. तेवढी ती उजवीकडची फट सोड. सापळा आत अडकतो, दोरी कापावी लागते."

मेव्हणा गालातल्या गालात हसला. "असं होय," म्हणाला, होडी उजवीकडे घेतली आणि सापळा बरोबर त्याच फटीत सोडला.

मुनीनं इंजिन बंद केलं आणि फळीखाली हात घालून दोरीसाठी मोठा सुरा शोधू लागला.